कमलबाईचा अंगठा आणि लाल दिवा

बुधवारी दुपारी बारा वाजून चौदा मिनिटांनी जांभीपाड्याच्या पंचायतीच्या खोलीतल्या राउटरचा दिवा लालचा हिरवा झाला. नऊ दिवस बंद असलेलं इंटरनेट परत आलं. अंगणात दोन-अडीचशे माणसं होती. पुढच्यांनी नारळ फोडले, मधल्यांनी हात जोडले आणि सगळ्यांच्या मागे चिंचेखाली उभ्या असलेल्या हेमकांतने पाठीवरची पिशवी खांद्यावरून उतरवून हळूच पायांमागे ठेवली.

त्या पिशवीत लॅपटॉप होता आणि एक पेन ड्राइव्ह होता. राउटर दुरुस्त करायला तेवढं पुरेसं होतं. शहाद्याहून पहाटेची एसटी, मग मोलगीहून जीप, असा प्रवास करून तो त्यासाठीच आला होता. पोचायला त्याला वीस मिनिटं उशीर झाला आणि तेवढ्यात चमत्कार होऊन गेला.

चमत्कार करणाऱ्याचं नाव तरंगनाथ महाराज. वय चाळिशीचं, अंगात भगवी कफनी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ओट्यावर उभे राहून ते समजावत होते.

“इंटरनेट म्हणजे काय? लहरी. लहरी म्हणजे काय? प्राण. तुम्ही म्हणता वायफाय. वायफाय कुठून आलं? वायूपासून. वायू कोणाचा बाप? मारुतीचा. म्हणजे ह्या खोक्यात कोण बसलाय?”

“मारुती,” पुढच्या रांगेतून दोघं-तिघं म्हणाले.

“आणि मारुतीवर वाईट हाताची सावली पडली तर?”

पाड्याचे देव वेगळे होते, मारुती त्यांच्यात नव्हता. पण नऊ दिवस रेशन अडलं होतं, म्हणून त्यावर वाद घालायची कोणाला हौस नव्हती.

“तर प्राण झोपतो,” महाराजांनी स्वतःच उत्तर दिलं. “आपण काय केलं? त्याला तीन निद्रा दिल्या. प्रत्येक निद्रेला एक बीजमंत्र, एक चिमूट भस्म. दिवा फडफडायला लागला की परत निद्रा. चौथ्या वेळी तो जागा झाला तो शुद्ध होऊन. अमेरिकेचे शास्त्रज्ञ यालाच रिसेट म्हणतात, पण त्यांना मंत्र माहीत नाही. म्हणून त्यांचं टिकत नाही.”

रेशन दुकानदार धनसिंगने यंत्र पुढे सरकवलं. रांगेतल्या पहिल्या बाईने अंगठा ठेवला आणि यंत्रातून आवाज आला, व्यवहार यशस्वी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओट्यावरून महाराज म्हणाले, “मात्र ज्या हाताने दिवा विझला, तो हात ह्या अंगणात पुन्हा दिसता कामा नये. दिसला, तर मी जबाबदार नाही.”

सुकराम नावाचा एक उंच माणूस वळून आरोग्य उपकेंद्राच्या दिशेने बघू लागला. त्याच्या पाठोपाठ बाकीचेही तिकडे बघायला लागले.

“कोणाचा हात?” हेमकांतने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

“कमलबाईचा. ह्या सुकरामची भावजय.” म्हातारा आवाज बारीक करून म्हणाला, “डाकीण निघाली ती. तिने अंगठा लावला आणि दिवा गेला. सगळ्यांनी पाहिलं.”

दिवा का गेला, हे त्या अंगणात फक्त त्याला माहीत होतं. ते मोठ्याने सांगायला ह्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. तो नुसता उभा राहिला, आणि वेळ गेली.

नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट अशी.

जांभीपाड्यात मोबाइलला रेंज नाही. टेकडीवर एक खांब आहे, त्याच्यावर अँटेना. तिची वायर खाली पंचायतीच्या खोलीत येते ती मोडेमला, आणि मोडेम खोचलेला आहे राउटरला. शेजारच्या रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र त्याच राउटरवर चालतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंची लसीकरणाची नोंदही त्याच्यावरच. डोंगरातल्या अशा एकेचाळीस राउटरांची देखभाल शहाद्याच्या एका ठेकेदाराकडे होती आणि ठेकेदाराकडे हेमकांत नोकरीला होता.

राउटर म्हणजे छोटा संगणकच. त्याच्या आत चालणाऱ्या यंत्रणेला एक गाभा असतो. तंत्रज्ञ त्याला कर्नल म्हणतात. मोडेम ओळखायला ह्या गाभ्याला एक सुटा भाग जोडावा लागतो आणि तो त्याच गाभ्याच्या मापाने घडवलेला असावा लागतो. जीपला नवं इंजिन बसवलं आणि गिअरबॉक्स जुन्या मॉडेलचा ठेवला तर आटे बसत नाहीत, तसलाच हा प्रकार.

ठेकेदाराचा मुकादम नवनीत. त्याने महिन्याच्या आत सगळ्या राउटरांवर नवी यंत्रणा चढवायला सांगितली होती. नियम एवढाच होता की रेशनच्या दिवशी हात लावायचा नाही. सोमवार रेशनचा होता. पण मंगळवारी यायचं म्हणजे पुन्हा पहाटेची एसटी आणि पुन्हा जीप. दहा मिनिटांचं काम आहे, असं म्हणून हेमकांतने खोलीचं दार लोटलं आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी बटण दाबलं.

नवा गाभा व्यवस्थित बसला. पेन ड्राइव्हमधला सुटा भाग मात्र जुन्या गाभ्याचा होता. लॅपटॉपवर सूचना आली की गाभा जुळत नाही. बरोबर भाग इंटरनेटवरून उतरवायचा, तर इंटरनेट येणार त्याच मोडेममधून, आणि मोडेम सुरू होणार त्या भागामुळे. सूचनेखाली दोन पर्याय होते. थांबा, किंवा जबरदस्तीने टाका. बाहेर रांग होती. हेमकांतने जबरदस्तीने टाकला. भाग आत गेला, पण गाभ्याने तो धरला नाही. दिवा लाल तो लालच राहिला.

बरोबर त्याच वेळी बाहेर कमलबाईचा अंगठा यंत्रावर होता. तिचा नंबर आला की रांगेतल्या बायका दर महिन्याला पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण मोहफुलं वेचून आणि दगड फोडून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र तिला पाच-सहा वेळा नाकारायचं, मग कधीतरी घ्यायचं. त्या दिवशी तिची चौथी खेप चालली होती. मध्येच यंत्र बंद पडलं. उघड्या खिडकीतून राउटरचा लाल दिवा दिसत होता.

हेमकांत बाहेर आला तेव्हा धनसिंगने विचारलं, “काय झालं, साहेब?”

“वरून लाइन गेली. टॉवरचा प्रॉब्लेम आहे.”

“कधी येईल?”

“वरून आली की येईल.”

तो दोनच्या जीपने गेला. बरोबर भाग शहाद्याला उतरवून दुसऱ्या दिवशी आणू, असा त्याचा विचार होता. दुसऱ्या दिवशी नवनीतने त्याला अक्कलकुव्याच्या बाजूला पाठवलं, तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. “जांभीपाड्याचं काय लिहू रिपोर्टमध्ये?” असं त्याने फोनवर विचारलं होतं. “टॉवर लिहून टाक,” नवनीत म्हणाला. हेमकांतने तसं लिहिलं.

दोन-तीन तास चालून आलेल्या बाया त्या सोमवारी रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेल्या. चालता चालता एकमेकींना विचारत गेल्या की असं कसं झालं. ज्याला खरं उत्तर माहीत होतं तो जीपमध्ये बसून केव्हाच गेला होता. मग ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं.

चमत्कारानंतर गर्दी पांगली तेव्हा हेमकांत पाणी प्यायच्या निमित्ताने उपकेंद्रात गेला. नर्स चेतना टेबलाशी नोंदवही भरत होती. मूळची तापीकाठची, पण सहा वर्षं इथेच होती आणि कुठलीही गोष्ट वेळेसकट लिहून ठेवायची तिला सवय होती.

“या, साहेब. बघितलं ना नाटक?” ती मान वर न करता म्हणाली. “बारा वाजून पाच मिनिटांनी पहिलं बंद. बारा-सातला दुसरं. बारा-नऊला तिसरं. बारा-अकराला चालू केलं आणि चौदाला हिरवा. भस्म टाकलं ते खोक्यावर नाही, खोक्याखालच्या पाटावर. खोकं खराब होऊ नये म्हणून काळजी घेतली बुवांनी.”

“तुम्ही लिहून ठेवलंत?”

“मी तर त्या सोमवारचंही लिहून ठेवलंय. अकरा-वीसला नेट गेलं.” आता तिने वर पाहिलं. “तुम्ही तेव्हा आत होतात. दार लोटलेलं होतं. काय करत होतात?”

“पाहणी,” हेमकांत म्हणाला.

कोपऱ्यातल्या बाकावर कोणीतरी हललं. साठीची, बारीक अंगाची बाई. पायाला पट्टी होती. दगड लागला होता, असं चेतनाने सांगितलं. तो कुठून आला हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

“कमलबाई, हे राउटरवाले साहेब.”

कमलबाईने उजवा हात पुढे केला. हेमकांतला वाटलं ती काही मागते आहे. ती अंगठा दाखवत होती. अंगठा सागाच्या सालीसारखा खरखरीत होता.

“मी लावला तेव्हाच दिवा गेला,” ती म्हणाली. “खोटं नाही बोलत लोक. मला पण दिसला. तुम्ही शिकलेले आहात. बघा ना, ह्याच्यात काय आहे?”

“काही नाही, बाई. तसं काही नसतं.”

“मग दिवा का गेला?”

चेतना त्याच्याकडे बघत होती. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

“वरून गेला,” हेमकांत म्हणाला.

कमलबाईने अंगठा मुठीत दडवला. “वरूनच,” ती म्हणाली आणि तिने मान हलवली. वरून म्हणजे कुठून, याचा तिने लावलेला अर्थ हेमकांतला जीपमध्ये बसल्यावर कळला.

घरी रुपाने ताट वाढलं. तो भाकरीचा तुकडा मोडून तसाच बसून राहिला.

“काय व्हयनं?” रुपाने विचारलं. “जेव ना.”

“मन्हा हातथून व्हयनं ते,” हेमकांत म्हणाला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. सोमवारचं, बुधवारचं, बाकावरच्या बाईचं.

रुपाने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, “मंग तू सांगं का तिले?”

“नही.”

“का बरं?”

“नोकरी जाई, रुपा. रेशनना दिन हात लावा, वरून रिपोर्ट खोटा लिखा.”

“नोकरी गयी ते दुसरी भेटी,” रुपा म्हणाली. “त्या बाईनं नाव गयं, ते कोठून आनशी?”

तिने ताट उचललं नाही. ते दोघांच्या मध्ये बराच वेळ तसंच पडून होतं.

गुरुवारी सकाळी ऑफिसात त्याने त्याच बनावटीचा, नवी यंत्रणा चढवलेला एक शिल्लक राउटर टेबलावर घेतला. एक गोष्ट त्याला समजत नव्हती. चुकीचा भाग टाकलेला राउटर मंत्राने तर सुरू होत नाही. मग झाला कसा? चेतनाने सांगितलेल्या वेळा त्याने कागदावर लिहून घेतल्या होत्या. दिवा फडफडायला लागला की बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. तीनदा. चौथ्यांदा चालू ठेवून तो बघत बसला. राउटर जागा झाला, तो जुन्या यंत्रणेवर.

मग त्याने माहितीपुस्तिका काढली. ती दोन वर्षांपासून कपाटात होती. सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की ह्या राउटरात दोन कप्पे असतात. नवी यंत्रणा चढवली की ती दुसऱ्या कप्प्यात बसते, जुनी पहिल्यात तशीच राहते. सुरू होता होता राउटर लागोपाठ तीन वेळा बंद पडला, तर तो समजतो की चालू कप्प्यात बिघाड आहे, आणि आपोआप उरलेल्या कप्प्यावर जातो.

जुन्या कप्प्यात जुना गाभा होता आणि त्याच्या मापाचा सुटा भागही. तिथे आटे जुळत होते. म्हणून दिवा हिरवा झाला. हे पान हेमकांतने आधी वाचलं असतं, तर त्या सोमवारी नऊ-दहा मिनिटांत नेट परत आलं असतं आणि कमलबाई धान्य घेऊन घरी गेली असती.

महाराजांना हे कसं माहीत, ते धनसिंगने फोनवर सांगितलं. धनसिंग सामान घ्यायला मोलगीत आला होता, तिथे रेंज होती.

“आधी फोटो मागवला ना त्यांनी,” तो म्हणाला. “मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.”

“कसला फोटो?”

“खोक्याच्या बुडाचा. म्हणाले, देवाच्या पायांचं दर्शन आधी पाहिजे.”

राउटरच्या बुडाला एक चिकटपट्टी असते. तिच्यावर बनावट आणि मॉडेलचा क्रमांक छापलेला असतो.

“धनसिंगभाऊ, हे महाराज आधी काय करायचे?”

“अक्कलकुव्याला मोबाइल रिपेरिंगची टपरी होती, असं ऐकलंय. आता तीन गावांनी बोलावलंय त्यांना. का, साहेब?”

“सांगतो,” हेमकांत म्हणाला. पण फोनवर त्याने सांगितलं नाही. माणसांसमोर सांगायला हवं, असं त्याने मनाशी ठरवलं आणि ते ठरवल्यामुळे त्याला जरा बरंही वाटलं. शुक्रवारी जाता आलं असतं. शुक्रवारी नवनीतने दुसरं काम दिलं आणि ते नाकारता आलं असतं, पण त्याने नाकारलं नाही. शनिवारी तो राजीनामा लिहीत बसला. लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. रविवारी जीपा कमी असतात, असं त्याने रुपाला सांगितलं. रुपा म्हणाली, “कमी ऱ्हातीस, बंद नही ऱ्हातीस.”

सोमवारी सकाळी साडेदहाला तो जांभीपाड्यात पोचला. अंगणात पुन्हा गर्दी होती. राहिलेल्यांचं रेशन होतं आणि महाराज राउटरसाठी कायमचं कवच बांधायला आले होते. कवच म्हणजे लाल कापडात गुंडाळलेला नारळ. तो ठेवायला खोलीत एक फळी मारून झाली होती.

हेमकांत ओट्यावर चढला. त्याने पिशवी समोर धरली.

“मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत,” तो म्हणाला. “एक दाखवता येते, ती मागून दाखवतो. दुसरी आधी. त्या सोमवारी अकरा-वीसला नेट मी घालवलं. खोलीत मीच बसलो होतो. चुकीचा भाग टाकला. यंत्राने नको म्हणून सांगितलं, तरी टाकला. तुम्ही विचारलंत तेव्हा टॉवर म्हणून खोटं बोललो. कमलबाईंच्या अंगठ्याचा ह्याच्याशी काहीही संबंध नाही. त्यांच्या जागी दुसरं कोणी उभं असतं, तर तुम्ही त्याला डाकीण म्हणाला असता.”

कुजबुज सुरू झाली. महाराज हसले.

“साहेब भला माणूस आहे,” ते लोकांना म्हणाले. “बाईची दया आली, म्हणून स्वतःवर घेतोय. पण साहेब, बिघडवलं तुम्ही, तर दुरुस्त कोणी केलं? नऊ दिवस तुम्ही कुठे होता?”

“नऊ दिवस मी लपून होतो. ते खरं आहे,” हेमकांत म्हणाला. “आता दुसरी गोष्ट. महाराज, दिवा हिरवा आहे. तुमचा तीन निद्रांचा विधी आत्ता पुन्हा करा.”

“कशाला? प्राण जागा आहे.”

“शुद्ध गोष्ट आणखी शुद्ध होईल. नुकसान काय?”

“परीक्षा बघायची नसते.” महाराजांनी घड्याळ कफनीच्या बाहीत सारलं. “देव काय शाळकरी पोर आहे?”

“बुवा, करा की,” उपकेंद्राच्या पायरीवरून चेतना म्हणाली. “बुधवारी तर म्हणालात, अमेरिकेत टिकत नाही, तुमचं टिकतं.”

गर्दीत कोणीतरी हसलं. महाराज जागचे हलले नाहीत.

“बरं, त्यांना नको,” हेमकांत म्हणाला. “सुकरामभाऊ, तुम्ही या.”

सुकराम घुटमळला. पण सगळे बघत होते, म्हणून तो ओट्यावर आला आणि खोलीत शिरला. हेमकांत दारात थांबून सांगत होता आणि सुकराम करत होता. बटण बंद. चालू. दिवा फडफडला, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तसंच. मग चालू करून दोघं बाजूला झाले. मंत्र नव्हता, भस्म नव्हतं. फळीवरचा नारळ मात्र जागेवर होता.

लोक खिडकीला चिकटले. तीन मिनिटांनी दिवा लागला तो लाल.

सुकरामने आपल्या हाताकडे पाहिलं. तो हात त्याने आधी धोतराला पुसला, मग पाठीमागे नेला.

“घाबरू नका, सुकरामभाऊ,” हेमकांत म्हणाला. “हात चांगला आहे तुमचा. ह्या डब्यात दोन कप्पे आहेत. एकात यंत्रणा धड आहे, एकात मी बिघडवलेली. तीनदा बंद केलं की हा कप्पा बदलतो. महाराजांनी बिघडलेल्यावरून धड कप्प्यावर नेला. तुम्ही आत्ता धडावरून बिघडलेल्यावर नेलात. आता परत तीनदा करा.”

सुकरामने केलं. ह्या वेळी त्याची बोटं चुकत होती. दिवा हिरवा झाला तेव्हा त्याने श्वास सोडला, तो दारापर्यंत ऐकू आला.

“धनसिंगभाऊ,” हेमकांत म्हणाला, “महाराजांनी फोटो कशाचा मागितला होता, तो सगळ्यांना दाखवा.”

धनसिंगने मोबाइल काढून फोटो दाखवला. राउटरचं बूड, त्याच्यावरची चिकटपट्टी, तिच्यावरचा क्रमांक. हेमकांतने माहितीपुस्तिका काढून तोच क्रमांक पहिल्या पानावर दाखवला आणि सत्तेचाळिसावं पान चेतनाकडे दिलं. तिने ते मोठ्याने वाचलं आणि प्रत्येक वाक्यानंतर पाड्याच्या भाषेत सांगितलं. तेवढ्यात महाराज लघवीला म्हणून उठले. त्यांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. नारळ फळीवरच राहिला.

मग हेमकांत बोलला. भाषण त्याने तयार केलं नव्हतं.

“एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. अंगठा लागला आणि दिवा गेला. कोंबडाही त्याच वेळी आरवला असेल, त्याला कोणी धरलं नाही. पुढच्या वेळी काही बंद पडलं, तर आधी विचारा, आत कोण होतं, त्याने काय बदललं. उत्तर मिळेपर्यंत विचारा. माझ्यासारखा साहेब ‘वरून गेलं’ म्हणाला, तर म्हणजे कुठून ते विचारा. आणि कोणी दुरुस्त करून दाखवलं, तर त्याला म्हणा, परत बिघडवून परत दुरुस्त कर. ज्याला येतं तो करतो. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवू नका. परत करून बघा, मग ठेवा.”

टाळ्या वाजल्या नाहीत. चिंचेखालचा तो म्हातारा पुढे आला. त्याने हेमकांतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“गेल्या बुधवारी तू माझ्याजवळ उभा होतास,” तो म्हणाला. “तेव्हा तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मी तुला डाकीण म्हणून सांगितलं, तेव्हा?”

“तेव्हाही.”

म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.

हेमकांतने लॅपटॉप उघडला. नव्या गाभ्याच्या मापाचा भाग बिघडलेल्या कप्प्यात टाकला. ह्या खेपेला कुठली सूचना आली नाही. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी दोन्ही कप्पे धड झाले. तो उठला आणि उपकेंद्राकडे गेला. बाक रिकामा होता.

“शनिवारी गेली,” चेतना म्हणाली. “ऊसतोडीच्या मजुरांची पिकअप गुजरातला निघाली होती, तिच्यात बसली. ह्या वयात कोयता कोण देणार तिला? मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, मी इथे असले तर परत दिवा जाईल आणि पाड्यातली पोरं उपाशी राहतील.”

“कुठे उतरली?”

“ते ड्रायव्हरलाच माहीत असेल. त्याचा नंबर कोणाकडे नाही. तिच्याकडे फोन नाही.” चेतनाने नोंदवही पुढे ओढली. “तुम्ही शुक्रवारी आला असता तर...” तिने तारीख घातली आणि वेळ लिहिली.

त्याच दिवशी चेतना आणि धनसिंग यांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तरंगनाथ महाराजांविरुद्ध तक्रार दिली. सोबत फोटो आणि नोंदवहीची पानं जोडली. साक्षीदार म्हणून हेमकांतने सही केली. सुकरामचा जबाब अजून झालेला नाही. महाराजांचा फोन बंद आहे. हेमकांतने खोट्या रिपोर्टची कबुली लेखी दिली असून ठेकेदाराने त्याला कामावरून थांबवलं आहे, काढलेलं नाही.

रेशनकार्ड आता देशात कुठेही चालतं आणि कोणत्या दुकानात धान्य उचललं, ते कार्डाच्या क्रमांकावरून बघता येतं. धनसिंगने कमलबाईच्या कार्डाचा क्रमांक हेमकांतला लिहून दिला आहे. तो रोज सकाळी आणि संध्याकाळी बघतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चार वाजेपर्यंत, तिच्या अंगठ्याची नोंद कुठल्याही दुकानात झालेली नव्हती.